उच्चबल काँक्रीटचे मिश्रण

एक घमेले सिमेंट, दोन घमेली वाळू आणि चार घमेली खडी हे प्रमाण खेड्यापाड्यांतील गवंड्यालाही तोंडपाठ असते. पाणी किती घालावयाचे हे मात्र या प्रमाणात कोठेच सांगितलेले नसते. ते करणाऱ्याच्या नजरेवर सोडलेले असते. ओटा, पायरी, लहानशा घराची जमीन अशा कामांना ही पद्धत पुष्कळ वर्षे पुरी पडत आली आहे. आय. एस. ४५६ या भारतीय मानकातही ठरीव प्रमाणांनी काँक्रीट करण्यास एम-२० या प्रतीपर्यंत मुभा आहे. त्यापुढे मात्र प्रत्येक कामासाठी मिश्रणाची स्वतंत्र आखणी करावी लागते; आणि काँक्रीट जसजसे अधिक बलवान हवे असते, तसतशी गवंड्याच्या नजरेवर सोडलेली ती एक गोष्ट, म्हणजे पाणी, हीच सर्वांत महत्त्वाची होऊन बसते.

काँक्रीटची प्रत ही त्याच्या दाबबलावरून ठरते. १५० मिलिमीटर बाजूचा घनाकृती ठोकळा ओतून, २८ दिवस पाण्यात मुरवून, मग दाबयंत्रात फोडला जातो. फुटतेवेळी दर चौरस मिलिमीटरवर जितके न्यूटन भार असेल, तितके त्याचे बल. एम-७० म्हणजे ज्या काँक्रीटचे बल ७० न्यूटनच्या खाली जाण्याचा संभव शंभरात पाचांहून अधिक नाही, असे काँक्रीट. मिश्रणाची आखणी कशी करावी हे सांगणाऱ्या आय. एस. १०२६२ या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत एम-६५ व त्यावरील प्रतींना उच्चबल मानून त्यांची रीत वेगळी दिली आहे.

एवढ्या बलाची गरज कोठे पडते, हे एका साध्या हिशेबावरून कळेल. एखाद्या उंच इमारतीच्या तळमजल्यावरील खांबात काँक्रीटने ८,००० किलोन्यूटन भार पेलावयाचा आहे असे समजावे. पोलादी सळ्यांचा वाटा यात धरलेला नाही. संकल्पनात काँक्रीटच्या बलापैकी चार दशांश इतकेच बल हिशेबात घेतात. एम-२५ प्रतीचे काँक्रीट वापरले, तर खांबाची प्रत्येक बाजू सुमारे ९० सेंटिमीटर ठेवावी लागते. एम-७० वापरले, तर ५४ सेंटिमीटर पुरते. चाळीस मजल्यांच्या इमारतीत तळाला असे पाचपन्नास खांब असले, तर वाचलेली जागा काही थोडी नव्हे. पुलांच्या बाबतीत लाभ निराळा असतो. तुळया सडपातळ होतात, त्यांचे स्वतःचे ओझे घटते आणि दोन खांबांमधील अंतर वाढविता येते.

शिकागो येथील वॉटर टॉवर प्लेस या इमारतीच्या खांबांत १९७० च्या दशकाच्या मध्यास ६२ न्यूटन बलाचे काँक्रीट वापरले गेले, तेव्हा ते नवलाचे वाटले होते. क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांत (१९९८) ही मजल ८० पर्यंत गेली. भारतात कर्नाटकातील कैगा अणुवीज केंद्राच्या आतील घुमटासाठी एम-६०, तर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळील उड्डाणपुलासाठी २००२ च्या सुमारास एम-७५ प्रतीचे काँक्रीट वापरण्यात आले. परदेशी आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. अमेरिकेत ठोकळ्याऐवजी दंडगोल फोडतात, आणि त्याच काँक्रीटच्या दंडगोलाचे बल ठोकळ्याच्या सुमारे चार पंचमांश भरते. शिकागोचे ६२ हे आपल्या मोजणीने पंचाहत्तरच्या आसपास जातात.

कैगा येथे १९९४ साली घुमटाचे बांधकाम चालू असताना त्याच्या आतल्या अंगाचा मोठा थर निखळून खाली आला होता, आणि एम-६० चे काँक्रीट हे त्यानंतर नव्याने बांधलेल्या घुमटातील आहे. त्या पुनर्बांधणीत केवळ काँक्रीटची प्रत वाढवून भागले नाही. घुमटाच्या जाडीच्या दिशेने पडणारा ताण पेलण्यासाठी सळ्यांची रचनाही बदलावी लागली. बलवान काँक्रीट हा चुकीच्या रचनेवरचा उपाय नव्हे, एवढे येथे नोंदविलेले बरे.

पाणी आणि पोकळी

सिमेंट वाळून घट्ट होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते. वाळले तर उलट ही क्रिया थांबते. अमेरिकेतील टी. सी. पॉवर्स यांनी १९४० च्या दशकात केलेल्या संशोधनावरून असे दिसते की, १०० किलो सिमेंटशी सुमारे २३ किलो पाणी रासायनिक रीतीने बांधले जाते आणि आणखी जवळजवळ १९ किलो पाणी तयार झालेल्या सूक्ष्म जेलमध्ये अडकून राहते. त्याहून अधिक घातलेले पाणी कोणाच्याच कामाचे नसते. ते मिश्रणात जागा अडवून बसते आणि पुढे उडून गेल्यावर त्या जागी केसासारख्या सूक्ष्म पोकळ्या उरतात. या पोकळ्या म्हणजेच काँक्रीटचा दुबळेपणा.

पोकळी आणि बल यांचा हा संबंध फ्रान्समध्ये रने फेरे यांनी १८९० च्या दशकातच मांडला होता. पुढे १९१८ साली शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमधील डफ एब्रॅम्स यांनी असंख्य चाचण्यांवरून त्याला सोपे रूप दिले. काँक्रीटचे बल हे पाण्याचे वजन भागिले सिमेंटचे वजन या गुणोत्तरावर अवलंबून असते. गुणोत्तर कमी तर बल अधिक. पाठ्यपुस्तकांतून हा नियम सर्वत्र आढळतो. त्याची अट मात्र पुष्कळदा गाळली जाते. मिश्रण साच्यात नीट दाबून बसविता येण्याइतके मऊ असेल, तरच हा नियम लागू पडतो. पाणी फारच कमी केले, तर मिश्रण भुसभुशीत होते, हवा आत कोंडते, आणि पाण्याच्या पोकळ्या वाचवून हवेच्या पोकळ्या पदरी येतात. शेकडा ५ हवा राहिली तर बल शेकडा ३० पर्यंत घटू शकते.

उच्चबल काँक्रीटची खरी अडचण ती हीच. बलासाठी पाणी कमी हवे आणि कामासाठी ते पुरेसे हवे. सिमेंट वाढवून गुणोत्तर खाली आणणे हा सोपा मार्ग दिसतो. पण सिमेंट पाण्याशी संयोग पावताना उष्णता बाहेर टाकते. दर घनमीटरमागे १०० किलो सिमेंट वाढले की जाड भागाच्या गाभ्याचे तापमान ढोबळमानाने १० ते १२ अंशांनी चढते. गाभा तापलेला आणि बाहेरची बाजू थंड अशा स्थितीत तडे पडतात. म्हणून मानकानेच सिमेंटला घनमीटरला ४५० किलोंची मर्यादा घातली आहे. राख वगैरे पूरक द्रव्ये त्यात धरलेली नाहीत.

ही कोंडी फुटली ती १९६० च्या दशकात जपान व जर्मनी या देशांत निघालेल्या सुपरप्लास्टिसायझर या रसायनांमुळे. पाण्यात पडलेले सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि त्या गुठळ्यांच्या पोटात पाणी अडकते. नॅफ्थॅलीन व मेलामीन यांपासून केलेली रसायने कणांवर बसून त्यांना सारख्या जातीचा विद्युत्भार देतात, त्यामुळे कण परस्परांना दूर लोटतात. १९८० च्या दशकात जपानमध्ये पुढे आलेल्या पॉलिकार्बोक्झिलेट जातीच्या रसायनांच्या रेणूंना लांब फांद्या असतात. त्या फांद्याच कणांना एकमेकांच्या जवळ येऊ देत नाहीत. गुठळ्या मोकळ्या झाल्या की अडकलेले पाणी सुटते. तेवढाच ओघळपणा पाऊण हिश्शाहूनही कमी पाण्यात मिळू लागतो.

खडी आणि बारीक पूड

सामान्य काँक्रीटचा ठोकळा फोडला, तर भेग खडीला वळसा घालून गेलेली दिसते. खडी शाबूत आणि तिच्याभोवतीचा लेप सुटलेला. उच्चबल काँक्रीट फुटते तेव्हा खडीही दुभंगते. म्हणजे येथे खडीची स्वतःची ताकद कसाला लागते. दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, या बाबतीत बहुधा चांगला. दक्षिणेकडील ग्रॅनाइटही उपयोगी पडतो. परंतु एकाच खाणीत वरच्या थरातील दगड कुजका व सच्छिद्र असू शकतो, तेव्हा नावावर विसंबून चालत नाही. चपट्या व लांबुळक्या चिपा टाळाव्या लागतात. खडी मोठी असावी ही जुनी समजूत येथे उलटते. मोठ्या खडीत अंतर्गत भेगा असण्याचा संभव अधिक, आणि तिच्या बुडाशी पाणी साचते. यामुळे २० मिलिमीटरहून मोठी खडी घेत नाहीत. फार उंच प्रतींसाठी १२.५ किंवा १० मिलिमीटरपर्यंत खाली येतात.

खडीच्या पृष्ठाला लागून काही दशांश नव्हे, काही शतांश मिलिमीटर जाडीचा लेपाचा थर इतर लेपाहून अधिक पाणीदार व विरळ असतो. काँक्रीटची साखळी बहुधा या कडीवर तुटते. ही कडी मजबूत करण्याचे काम सिलिका फ्यूम ही पूड करते. फेरोसिलिकॉनच्या भट्ट्यांच्या धुरातून ती गोळा केली जाते. तिचा कण सिमेंटच्या कणाच्या सुमारे शंभरावा हिस्सा असतो. तो सिमेंटच्या कणांमधील फटी बुजवितो, आणि शिवाय सिमेंटच्या क्रियेत सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावून नवे जेल तयार करतो. औष्णिक वीजकेंद्रांतील राख, म्हणजे फ्लाय ॲश, हेच काम सावकाश करते, पण उष्णता कमी ठेवते आणि मिश्रण गुळगुळीत करते. दोन्ही एकत्र वापरणे शहाणपणाचे ठरते.

एक घनमीटरचा हिशेब

आता एम-७० प्रतीचे एक मिश्रण प्रत्यक्ष आखून पाहावे.

पहिली पायरी म्हणजे लक्ष्य ठरविणे. सर्व ठोकळे सारख्याच बलाचे निघत नाहीत. सरासरीच ७० ठेवली, तर निम्मे ठोकळे नापास होतील. अशा काँक्रीटचे प्रमाण विचलन, अनुभवाचे आकडे हाती नसताना, ६ न्यूटन धरतात. शंभरात पाचच ठोकळे खाली जावेत यासाठी सरासरी १.६५ पट विचलनाने वर ठेवावी लागते. ७० अधिक ९.९, म्हणजे लक्ष्य ८० न्यूटन.

या लक्ष्यासाठी २० मिलिमीटर खडी असता पाणी व सर्व बंधक पुडी यांचे गुणोत्तर ०.२९ च्या आसपास लागते. रसायनाशिवाय, हव्या त्या ओघळपणासाठी, घनमीटरला सुमारे २०३ किलो पाणी लागले असते. चांगल्या रसायनाने ते शेकडा २८ ने घटते आणि १४५ किलोंवर येते. १४५ ला ०.२९ ने भागले असता बंधक पुडी ५०० किलो येतात. त्यांत ४०० किलो सिमेंट, ७५ किलो राख व २५ किलो सिलिका फ्यूम घ्यावी. सिमेंट मर्यादेच्या आतच राहिले. रसायन बंधकाच्या शेकडा १, म्हणजे ५ किलो.

राहिलेली जागा खडी व वाळू यांनी भरावयाची. येथे वजनाऐवजी प्रत्येक द्रव्याने व्यापलेले घनफळ काढावे लागते. वजनाला विशिष्ट गुरुत्वाने भागले की लिटर मिळतात. सिमेंट (३.१५) १२७ लिटर, राख (२.२) ३४, सिलिका फ्यूम (२.२) ११.५, पाणी १४५, रसायन साडेचार आणि अडकून राहणारी हवा ५ लिटर, एकूण ३२७. हजारातून ते वजा जाता ६७३ लिटर उरतात. त्यांपैकी शेकडा ६६ खडीला दिले तर ४४४ लिटर, आणि वाळूला २२९ लिटर. खडीचे विशिष्ट गुरुत्व २.८० व वाळूचे २.६५ धरता मिश्रण पुढीलप्रमाणे येते:

सिमेंट – ४०० किलो
फ्लाय ॲश – ७५ किलो
सिलिका फ्यूम – २५ किलो
पाणी – १४५ किलो
रसायन – ५ किलो
वाळू – ६०६ किलो
खडी – १,२४४ किलो

बेरीज २,५०० किलो भरते. चोखंदळ मनुष्य आणखी एक वजाबाकी करील. रसायन म्हणजे बहुतांशी पाणीच असते. त्यातले दोन-तीन किलो पाणी १४५ मधून कमी करणे न्याय्य होय.

ओल्या वाळूचा प्रश्न

कागदावरचा हिशेब येथे संपतो, आणि धोका येथून सुरू होतो. वरील वजने अशा वाळूची आहेत की जी आतून पाण्याने तृप्त, पण वरून कोरडी आहे. प्रत्यक्ष ढिगातील वाळू तशी क्वचितच असते. पावसाळ्यात तिच्या अंगावर शेकडा ४ पाणी असणे ही नित्याची गोष्ट. ६०६ किलोंवर शेकडा ४ म्हणजे २४ किलो पाणी. ते ध्यानात न घेता १४५ किलो पाणी वेगळे ओतले, तर मिश्रणात १६९ किलो पाणी जाते आणि गुणोत्तर ०.२९ चे ०.३४ होते. या गुणोत्तराला अपेक्षित सरासरी ८० नसून सत्तरच्या आसपास, किंबहुना थोडी खालीच असते. शंभरात पाचाऐवजी निम्म्याहून अधिक काँक्रीट प्रतीच्या खाली गेले. आणि डोळ्यांना काय दिसले, तर आजचे मिश्रण कालच्यापेक्षा जरा छान ओघळते आहे.

योग्य रीत अशी की वाळू ६३० किलो तोलावी आणि पाणी १२१ किलोच घालावे. उलटपक्षी उन्हात तापलेली कोरडी खडी पाणी शोषते. तिची तहान शेकडा अर्धा असेल, तर ६ किलो पाणी वाढवावे आणि खडी तितकीच कमी तोलावी. ढिगाची ओल दिवसातून एकदा नव्हे, तर पाऊस पडला, नवी गाडी रिकामी झाली, ढिगाचा तळ लागला, अशा प्रत्येक वेळी मोजावी लागते. सामान्य काँक्रीटमध्ये ही चूक काही अंशी खपून जाते, कारण तेथे पाणी मुळातच जास्त असते. येथे पाणी इतके थोडे असते की थोडी भरही मोठी ठरते.

दुसरा धोका वाहतुकीतला. कारखान्यातून निघालेली गाडी शहरातील गर्दीत तासभर अडकली की मिश्रणाचा मऊपणा उतरतो. ओतणारे मजूर खोळंबलेले असतात, पंपाची नळी तुंबण्याची भीती असते. अशा वेळी कोणीतरी पाण्याची नळी गाडीच्या तोंडात सोडतो. ६ घनमीटरच्या गाडीत अवघे ६० लिटर पाणी घातले, तरी घनमीटरमागे १० लिटर वाढले, गुणोत्तर ०.३१ झाले आणि सरासरी पंचाहत्तरवर आली. वरच्या विचलनानेच हिशेब केला, तर नापासांचे प्रमाण विसांत एकावरून पाचांत एकावर जाते. उपाय माहीत आहे. रसायनाचा थोडा भाग राखून ठेवावा आणि तो कामाच्या जागी, मोजून, जबाबदार माणसाच्या देखत मिसळावा. पण तोही बेताने. रसायन अति झाले की खडी खाली बसते, वर पाण्याचा थर येतो आणि काँक्रीट वेळेवर घट्ट होत नाही. सगळ्याच सिमेंटांचे व सगळ्याच रसायनांचे जमते असे नाही. म्हणून दोन्हींचा लेप नरसाळ्यातून किती सेकंदांत वाहतो, तासाभराने किती सेकंदांत वाहतो, हे काम सुरू होण्याआधीच पाहून ठेवतात.

चाचणी, मुरवण आणि ऊन

आखलेले मिश्रण हा पहिला अंदाज असतो. प्रयोगशाळेत ते करून पाहतात. ओघळ हवा तसा नसेल तर गुणोत्तर कायम ठेवून पाणी व रसायन यांत फेरफार करतात. मग गुणोत्तर शेकडा १० ने खाली व वर, म्हणजे ०.२६ व ०.३२ ठेवून आणखी दोन मिश्रणे करतात. तीन बिंदूंवरून त्या विशिष्ट सिमेंटचा व त्या विशिष्ट खडीचा स्वतःचा आलेख मिळतो, आणि छापील कोष्टकापेक्षा तोच अधिक विश्वासाचा. राख घातलेले काँक्रीट २८ दिवसांनंतरही बल कमावीत राहते. भार उशिरा येणार असेल, तर ५६ दिवसांचे बल प्रमाण धरण्याची वहिवाट आहे.

इतक्या कमी पाण्यात सगळे सिमेंट संयोग पावूच शकत नाही. उरलेले कण कठीण खडेच म्हणून काम करतात, त्यात हानी नाही. परंतु तहानलेले सिमेंट आतल्या सूक्ष्म पोकळ्यांतील पाणी ओढून घेते आणि काँक्रीट पहिल्या दिवसापासून आतूनच आकसू लागते. पृष्ठावर पाणी वर येऊन साचत नाही, त्यामुळे वारा व ऊन लागताच तासाभरात बारीक तडे दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मारण्याची सामान्य रीत येथे उशिराची ठरते. ओतून सपाट करताच पृष्ठ झाकावे, त्यावर धुक्यासारखी फवार धरावी, आणि घट्ट होताच ओली गोणपाटे घालावी. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पाण्याच्या काही भागाऐवजी बर्फाचा चुरा तोलून घालतात आणि काम रात्री करतात.

अशा काँक्रीटचा आणखी एक स्वभाव संकल्पकाने ओळखून असावे लागते. ते भार पुष्कळ पेलते, पण मोडते तेव्हा सूचना न देता, काचेसारखे मोडते. म्हणून खांबांत कड्या जवळजवळ बांधतात. आगीत सापडल्यास आतल्या वाफेला वाट मिळत नाही आणि वरचे पापुद्रे उडतात. त्यासाठी पॉलिप्रोपिलीनचे बारीक तंतू मिसळतात, जे वितळून वाफेला मार्ग करून देतात.

ठोकळा फोडणे हेही येथे साधे काम राहत नाही. ८० न्यूटन बलाचा १५० मिलिमीटरचा ठोकळा फोडण्यास १,८०० किलोन्यूटन, म्हणजे १८० टनांहून अधिक भार लागतो. २,००० किलोन्यूटनचे यंत्र त्याच्या क्षमतेच्या शेवटाला येते. ठोकळ्याचा तळ किंचित असमान असला, किंवा साच्याचे कोन चुकले असले, तर चांगले काँक्रीटही नापास दिसते. म्हणून साचे पोलादी व घासून बरोबर केलेले घेतात, गरजेप्रमाणे ठोकळ्याच्या बाजूही घासून सपाट करतात. काही ठिकाणी १०० मिलिमीटरचा ठोकळा वापरतात. त्याला ८०० किलोन्यूटन पुरतात, मात्र लहान ठोकळा किंचित जास्त बल दाखवितो हे नोंदीत लिहून ठेवावे लागते. यंत्राभोवती जाळी लावलेली असते, कारण हे ठोकळे चुरा होऊन पडत नाहीत. मोठा आवाज होऊन त्यांचे तुकडे उडतात.